‘असूनही’ या शब्दाविरुद्ध

इंग्रजी साहित्याच्या वर्गात कोळशाची खाण येते ती बहुधा एकाच वाटेने. लॉरेन्सची ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९१३) शिकवायला घ्यावी, एका बाजूला काळवंडलेला, दारू पिणारा बाप मांडावा, दुसऱ्या बाजूला चित्रे काढणारा हळवा पॉल मांडावा, आणि गाव म्हणजे ज्यातून सुटायचे ते, असे सांगून तास संपवावा. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले आहे. तेव्हा पुढील तक्रारीतून आम्ही स्वतःला वगळत नाही. ‘बिली एलियट’ (२०००) या चित्रपटाने हाच साचा नव्या पिढीच्या हाती दिला: १९८४-८५च्या संपात सापडलेले खाणगाव, नाचू पाहणारा मुलगा आणि शेवटी लंडन. कलावंत व्हायचे तर गाव सोडायचे, हे समीकरण इतके अंगवळणी पडले आहे की त्याला पुरावा मागण्याचे कुणाला सुचत नाही.

आम्ही तो मागतो, कारण उलट पुरावा नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅशिंग्टन या गावाने केव्हाच देऊन ठेवला आहे. एके काळी जगातले सर्वांत मोठे खाणगाव म्हणून ते ओळखले जाई. तिथल्या कामगारवस्तीतल्या रस्त्यांची नावे बिअट्रिस, ज्युलिएट, रोझालिंड अशी आहेत. शेक्सपिअर शिकवणाऱ्याने तिथे थबकावेच. (१९६६चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले जॅक आणि बॉबी चार्ल्टन हे बंधू या बिअट्रिस स्ट्रीटवरचे. अ‍ॅशिंग्टनची कीर्ती बहुतेकांना तेवढीच ठाऊक असते.)

या गावातल्या काही माणसांनी १९३४ मध्ये वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनमार्फत चित्रकलेच्या रसग्रहणाचा वर्ग मागून घेतला. शिकवायला न्यूकॅसलहून रॉबर्ट लायन आले. थोरामोठ्यांच्या चित्रांच्या स्लाइड दाखवून काही साधेना, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांनाच चित्रे काढायला लावले. आधी लिनोकट, मग रंग. १९३६ मध्ये न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत प्रदर्शन भरले. मंडळ १९८०च्या दशकापर्यंत टिकले. कोळशाच्या थरात आडवे होऊन काम करणारी माणसे, घरातली चूल, कबुतरखाने, व्हिपेट कुत्रे, गल्ली हे त्यांचे विषय. ऑलिव्हर किलबर्न तेराव्या वर्षी खाणीत उतरले होते. भुयारात दिव्याचा उजेड कुठवर पोहोचतो आणि कुठे संपतो, हे त्यांना कोणत्या कलाशाळेने शिकवायचे होते?

आणि समीक्षा काय म्हणते? अप्रशिक्षित, भोळी कला. खाणकामगार असूनही काढलेली चित्रे. आमचे भांडण या ‘असूनही’शी आहे. हा शब्द कौतुकाच्या वेषात येतो आणि अपमान करून जातो. शिवाय वस्तुस्थितीलाही तो धरून नाही. मंडळातले सगळेच खाणीतले नव्हते. हॅरी विल्सन हे दंतवैद्यासाठी कवळ्या घडवीत. ते स्वतःला ‘अ‍ॅशिंग्टन ग्रुप’ म्हणवत. त्या नावात गाव आहे, खाण नाही. विल्यम फीव्हर यांच्या १९८८च्या ग्रंथाच्या आणि ली हॉल यांच्या २००७च्या नाटकाच्या शीर्षकात मात्र खाण आली ती कायमची. हॉल यांच्याविषयी एवढे कबूल केले पाहिजे की ‘बिली एलियट’ लिहिणाऱ्या याच लेखकाने नाटकात आश्रयदात्रीने देऊ केलेले वेतन नाकारून गावातच राहणारा चित्रकार उभा केला.

‘असूनही’ म्हणणाऱ्याला वर्ग दिसत नाही, वाचनालय दिसत नाही, कामगार संघटना आणि सहकारी दुकान दिसत नाही. एकटी प्रतिभा तेवढी दिसते. खुद्द लॉरेन्स तरुणपणी पुस्तके आणी ती ईस्टवुडच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या वाचनालयातून. ज्या गावातून तो ‘सुटला’ असे आपण शिकवतो, त्याच गावाने त्याला वाचायला दिले होते. हे टिपणवहीत कुणी लिहून देत नाही, कारण प्रश्नपत्रिकेत ते येत नाही.

दुसरी एक खोड अलीकडची. खाणी मिटल्यावर या गावांवर केवळ मृत्युलेख लिहिले जातात. वुडहॉर्नची खाण १९८१ मध्ये आणि अ‍ॅशिंग्टनची १९८८ मध्ये बंद झाली, हे खरे. त्यामुळे झालेले नुकसान आम्ही कमी लेखत नाही. परंतु मृत म्हटले की पुन्हा पाहायला जाण्याची गरज उरत नाही, आणि मृत्युलेखांची सोय नेमकी तीच असते. चित्रे वुडहॉर्नच्या खाणीच्या जागी उभ्या राहिलेल्या संग्रहालयात आहेत. १९६४ मध्ये बंद पडलेली न्यूकॅसल-अ‍ॅशिंग्टन प्रवासी रेल्वे १५ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली.

पुढच्या सत्रात ‘सन्स अँड लव्हर्स’ शिकवताना आम्ही या मंडळाचे एक चित्र वर्गात लावणार आहोत. ते पॉलने काढले असते की त्याच्या बापाने, हा पहिला प्रश्न असेल.