किलोमीटर नंतर मोजा, आधी चुन्याची एक रेघ मारा

आमच्या सायकलच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. खरा सायकलवाला कोण? रोडवाले म्हणाले, आम्ही. पहाटे पाचला निघून चांदबीबी महाल चढून येतो, रविवारी शंभर मारतो. ब्रेव्हेवाले म्हणाले, शंभराचं काय घेऊन बसलात, आम्ही रात्रभर चालवतो. अकोले-भंडारदऱ्याकडं माउंटन बाइक घालणारी दोन-चार पोरं म्हणाली, काका, एकदा डांबर सोडून खाली उतरा, मग बोलू. बघता बघता एकमेकांची अक्कल काढण्यापर्यंत गेलं आणि ॲडमिनने ग्रुपला कुलूप लावलं.

मी तिथं बोललो नाही, इथं बोलतो. पोस्ट लांब आहे. पण ज्यांची लेकरं सायकलवर शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी माझीच फजिती सांगतो. मागच्या गाळप हंगामात पहाटे एका वळणावर ट्रॉलीतून पडलेला ऊस रस्त्यात आडवा होता. दिसला तेव्हा उशीर झालेला. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला, तोही हँडल वळलेलं असताना. त्याची खूण कोपरावर अजून आहे. मी रस्त्यावर बसून कोपर बघतोय, तेवढ्यात मागून एक बाबा आले. साधी काळी सायकल, कॅरिअरला घासाचा भारा. त्यांनी लांबूनच वेग कमी केला, ब्रेक सोडला, सीटवरून जरा उठले आणि ऊस सरळ ओलांडून पलीकडं गेले. मग थांबून म्हणाले, "लागलं का हो? ब्रेक आधी मारायचा असतो, उसावर गेल्यावर नाही."

माझ्या सायकलच्या किमतीत त्यांच्या सायकली किती आल्या असत्या, तो हिशोब मी केला नाही. लाज वाटली.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. सायकल हाताळणं ही एकच विद्या नाही. तिचे चार-पाच तुकडे आहेत आणि प्रत्येक प्रकाराकडं त्यातला एकेक तुकडा आहे.

ट्रॅकचं बघा. आंतरराष्ट्रीय ट्रॅक २५० मीटरचा असतो आणि वळणावर त्याचा उतार ४० अंशांच्या वर जातो. त्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पॅडल थांबत नाही. तिथला खेळाडू शिकतो ते आपली रेघ न सोडणं आणि पुढच्याची हालचाल आधी ओळखणं.

रोडवाल्याची परीक्षा घोळक्यात. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासलं, की पडतो तो मागचा. म्हणून अंतर राखायचं, खड्डा हाताने दाखवायचा, एकदम ब्रेक लावायचा नाही. चंदनापुरी किंवा करंजी घाट उतरताना ब्रेक वळणाआधी लावायचा आणि वळणात बाहेरचं पॅडल खाली ठेवायचं.

माउंटन बाइकवाला दगड-मुरुमात दोन्ही पॅडल आडवी ठेवून उभा राहतो. कोपर-गुडघे सैल. उतारावर ढुंगण मागं, चढावर अंग पुढं. आणि दगडाकडं बघायचं नाही, वाटेकडं बघायचं, कारण जिकडं नजर तिकडं सायकल.

ब्रेव्हेला २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० ला ४० तास. तिथलं कौशल्य झोपेत डोळे मिटत असताना हँडल सरळ ठेवण्याचं आणि अंधारात दुसऱ्याला दिसत राहण्याचं. ट्रायथलॉनवाला दांड्यांवर कोपर टेकवून सरळ रेषेत सुसाट जातो, पण तेव्हा त्याची बोटं ब्रेकपासून लांब असतात. म्हणून घोळक्यात त्याच्या शेजारी कुणी राहू नये.

आता कुणी म्हणेल, एकाला सगळं येतंच की. येतं, पण शिकलं तर. ब्रिटनचा टॉम पिडकॉक २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण घेतो, २०२२ मध्ये सायक्लोक्रॉसचा जगज्जेता होतो आणि त्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये गॅलिबिए घाटाचा उतार असा उतरतो की बघणाऱ्याचे हात घामेजावेत. पण त्याच टोकियोच्या शर्यतीत मॅथ्यू व्हान डर पूल दगडावरून उडी घेताना आदळला. तो तेव्हाचा सायक्लोक्रॉस जगज्जेता, काही आठवड्यांपूर्वी टूरमध्ये पिवळी जर्सी घालून आलेला. सरावाच्या वेळी तिथं उतरायला फळी होती. शर्यतीत ती काढलेली होती आणि याच्या डोक्यात ती होती. जगातल्या सर्वोत्तम सायकलस्वारांपैकी एक असा पडत असेल, तर ग्रुपवर आपण कशाची मस्ती करतो?

आपल्याच संगमनेरची प्रणिता सोमण रोड आणि माउंटन बाइक दोन्हीकडं उतरते. तिच्याकडून आपण फक्त पदकांचे फोटो घेतो. दोन्हीकडची विद्या कशी लागते, ते विचारत नाही.

मला जबरदस्तीने निवडायला लावलं तर पाया म्हणून मी माउंटन बाइकवाल्यांना मत देईन. कारण साधं आहे. मातीत चाक दिवसातून दहा वेळा घसरतं, वेग कमी असतो आणि पडलं तरी खरचटण्यावर भागतं. डांबरावर चाक वर्षातून एकदा घसरतं, आणि तेव्हा शिकायला वेळ नसतो.

पण माझा खरा राग वेगळाच आहे. आपण मोठी माणसं हेल्मेट-जर्सी घालून कोण भारी यावर भांडतोय, आणि ज्यांना या विद्येची सगळ्यात जास्त गरज आहे ती पोरं दप्तर पाठीला लावून, कॅरिअरवर धाकट्या भावाला घेऊन रोज ट्रॉली-डंपरच्या शेजारून चाललीत. त्यांना कुणी काय शिकवलं? सायकल घेऊन दिली, पडत-उठत तोल सांभाळायला लागली, झालं.

मध्यंतरी आम्ही तिघा-चौघांनी गावातल्या एका शाळेच्या मैदानावर चुन्याची लांब रेघ मारली. पोरांना सांगितलं, रेघेवरून सरळ चालवा आणि मी हाक मारली की उजव्या खांद्यावरून मागं बघा, माझी किती बोटं आहेत ते सांगा. निम्म्याहून जास्त पोरं मागं बघताच रेघ सोडून उजवीकडं सरकली. काही हातभर, काही चांगली दोन-तीन हात.

उजवीकडं म्हणजे कुठं, ते समजून घ्या. रस्त्यावर उजवीकडं ट्रक असतो. हॉर्न ऐकून मागं काय येतंय बघायला मान वळवायची आणि वळवतानाच त्याच्यापुढं जायचं, असं ते आहे.

मग आम्ही ग्रुपच्या भिडूंना बोलावलं. मेडलवाले, घाटवाले. त्यातलेही काही सरकले. आणि रेघेवरून तसूभर न हलता बोटं बरोबर सांगणारी कोण होती? रोज भावाला डबलसीट आणणारी आठवीतली पोरगी. अर्ध्या तासाच्या सरावानंतर बाकीच्या पोरांनाही बऱ्यापैकी जमायला लागलं. अर्धा तास, मंडळी.

आता आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. रस्ते तुम्ही नीट करणार नाही, साइडपट्ट्या भरणार नाही, विना-रिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या अंधारात उभ्या राहणार, आणि पोरांनीच मान वळवायला शिकायचं? नाही. नगर-मनमाड रस्त्यावरून ज्याने सायकल चालवलीय त्याला मी खड्ड्यांवर प्रवचन देणार नाही. पोरगं हुशारीने चालवतं म्हणून ठेकेदार सुटत नाही, कारखाना सुटत नाही, अधिकारीही सुटत नाही. उद्या अपघात झाल्यावर "त्याला चालवता येत नव्हतं" असं कुणी म्हणालं, तर त्याच्या विरोधात उभा राहणारा पहिला मी असेन. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटी पोरांची सायकलची लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा घेतात. पण तिथं सायकलसाठी वेगळे मार्गही बांधलेत. दोन्ही केलं. आपण दोन्ही करत नाही आणि एकाचं निमित्त दुसऱ्याला सांगतो.

रस्ता व्हायला वर्षं लागतील. रेघ मारायला पाच रुपयांचा चुना लागतो.

म्हणून तीन मागण्या.

एक, शाळांना. गॅदरिंगला स्लो सायकलिंगची शर्यत घेताच ना? तीच वर्षभर घ्या. सोबत तीन गोष्टी जोडा: मागं बघून रेघ न सोडणं, एका हाताने चालवत इशारा देणं, दोन्ही ब्रेक मिळून दाबत आखलेल्या जागी थांबणं. यासाठी महाग सायकल लागत नाही.

दोन, आमच्या सायकल ग्रुपांना. महिन्यातला एक रविवार शंभर किलोमीटर कमी मारा आणि जवळच्या शाळेत जा. रोडवाल्याने रेघ शिकवावी, माउंटन बाइकवाल्याने ब्रेक, ब्रेव्हेवाल्याने दिवा आणि रिफ्लेक्टर. कोण भारी ते तिथं कळेल.

तीन, कारखान्यांना आणि प्रशासनाला. दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याचा कार्यक्रम होतो, फोटो छापून येतात. फोटोतल्या ट्रॉल्या सोडून बाकीच्यांचं काय? आणि रस्त्यावर सांडलेला ऊस उचलायची जबाबदारी कुणाची, ते गाळप सुरू व्हायच्या आधी लेखी सांगा.

चौदा तालुक्यांचा, राज्यात सगळ्यात मोठा आपला जिल्हा. दिवाळीनंतर शाळा उघडतात तेव्हाच ट्रॉल्याही रस्त्यावर येतात. त्याआधी आपापल्या गावच्या मैदानावर एक रेघ मारून बघा. आधी स्वतः चालवा, मागं बघा, आणि रेघ सुटली की नाही ते खरं खरं कमेंटमध्ये लिहा. माझी पहिल्यांदा सुटली होती.