पटावर नाव, शेतात मूल

सौंसर तालुक्यात मोहगावच्या शिवारात दसरा उलटला, की कपाशीची बोंडे फुटू लागतात आणि तिकडे मिडल शाळेचे बाक रिकामे होऊ लागतात. हा दरसालचा प्रकार शासनास ठाऊक नाही असे नव्हे. परंतु 'पालकच अडाणी' असा शेरा मारला, की वरिष्ठांचे काम संपते. आम्हांला हा शेरा मान्य नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. ज्या घरी जमिनीचा तुकडा नाही, तेथे बारा वर्षांच्या पोरीचे दोन हात म्हणजे तेलमिठाची सोय असते. ती शेतात गेली नाही, तर आई जाते आणि धाकट्याला सांभाळण्यासाठी पुन्हा तीच घरी राहते. शाळेची वाट तिला दोन्हीकडून बंद!

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन ठरविले. संक्रांतीपर्यंत आठवड्याचे दोनच दिवस मूल वेचणीला गेले, तरी सुमारे पंचवीस दिवस, म्हणजे शाळेचा एक सबंध महिना बुडतो. त्या महिन्यातले गणित मागाहून कोणी शिकवीत नाही. मध्य प्रदेशात आठवीची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होऊ लागली. ती मात्र कोणासाठी थांबत नाही.

त्यात भाषेचे दुखणे. ज्या मुलाचे घर मराठी आणि पुस्तक हिंदी, त्याला महिनाभराच्या खंडानंतर धडा आणि भाषा अशा दोन भिंती चढाव्या लागतात. 1956 साली छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच साली घटनेत 350 अ हे कलम येऊन भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा भार राज्यांवर पडला. शिक्षणहक्क कायदाही मातृभाषेचे नाव घेतो, पण 'शक्य तेथवर' एवढे दोन शब्द जोडून! या दोन शब्दांच्या आड किती वर्षे लपावयाचे?

2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. आता छिंदवाड्याकडे बोट दाखविण्याची सोय उरली नाही. नव्या जिल्हा प्रशासनाने वेचणीच्या दिवसांत शाळा सकाळची करावी, धाकट्यांसाठी अंगणवाडी त्याच वेळी उघडी ठेवावी आणि बुडालेल्या पाठांसाठी संक्रांतीनंतर मराठी जाणणारा शिक्षक द्यावा. आणि मोहगावचा हजेरीपट वार्षिक सरासरीने नव्हे, महिन्यामहिन्याने तपासावा. कार्तिकाचे पान आधी उघडावे.