प्लग वाचता येतो का?

कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या. व्हायवात 14.7 : 1 हा आकडा आपण सगळेच धडाधड म्हणतो. पण समोरचं इंजिन लीन चाललंय की रिच, हे बोनेट उघडून किती जणांना सांगता येईल?

आजोबांची प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, कुर्ल्याची पैदास. सुट्टीत आचके देऊ लागली, आयडलिंगला तर बंदच पडायची. प्लग काढले तर पांढरेफटक. म्हणजे लीन, रिच असती तर काजळी धरली असती. चोक अर्धा ओढला की सुधारायची. निदान पक्कं! हल्लीच्या पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलने मिश्रण आणखी लीन होतं, हेही मी आजोबांना ऐटीत समजावलं आणि मोठा जेट आणायला निघालो.

गॅरेजवाले चाचा म्हणाले, "जेट राहू दे, आधी हवा कुठून घुसते ते बघ." त्यांनी चालू इंजिनवर कार्ब्युरेटरच्या बुडाशी पाण्याची पिचकारी मारली. आवाज लगेच बदलला. गॅस्केट फाटलं होतं! जेट बदलला असता तर आयडलिंगचं दुखणं तसंच राहून वर रस्त्यावर गाडी पेट्रोल प्यायली असती.

आपल्या लॅबमधला कार्ब्युरेटर कापून, रंगवून कपाटात ठेवलाय. नव्या गाड्यांत तो नसतोच, मग कशाला शिकायचा, असं कोणी म्हणेल. अहो, स्कॅनरसुद्धा 'लीन' एवढंच सांगतो, हवा कुठून शिरते ते नाही. सरांना विनंती, एक चालू इंजिन मुद्दाम बिघडवून आमच्यापुढे ठेवा. जर्नल नंतर लिहू.