फसवलं, पण कसं?

कोरेगावच्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. इंग्रजी निबंधात तिनं लिहिलं, 'शिवाजी महाराज चीटेड औरंगजेब.' बाईंनी 'चीटेड'वर लाल गोल केला. ती विचारते, "आग्र्याहून सुटताना महाराजांनी बादशहाला फसवलंच ना? मग माझं चुकलं कुठं?"

घोटाळा झाला तो आपल्या 'फसवणे' या ऐसपैस शब्दामुळे! इंग्रजीत त्याच्या बऱ्याच वाटण्या होतात.

'डिसीव्ह' म्हणजे नसलेलं ते आहे असं भासवणं. त्यात लबाडी असेलच असं नाही. फिरकी गोलंदाज चेंडूला उंची देतो, फलंदाज पुढं सरसावतो आणि यष्टिचीत होतो. समालोचक म्हणतात, 'डिसीव्ह्ड इन द फ्लाइट.' ही गोलंदाजाला शाबासकी आहे बरं का! पण मार्च २०१८ मध्ये केपटाउनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूनं चेंडूवर सँडपेपर चालवला, ते 'चीटिंग'. नियम मोडून किंवा लबाडीनं दुसऱ्याच्या हक्काचं लाटणं म्हणजे 'चीट'.

कोरेगावच्या बाजारातलंच बघा. तिथला वाघ्या घेवडा नावाजलेला. दाण्यावरच्या पट्ट्यांमुळं त्याला हे नाव. भलताच पट्टेरी दाणा तुम्ही वाघ्या समजून उचललात, तर त्याच्या रूपानं तुम्हाला 'डिसीव्ह' केलं. दुकानदारानं तोच दाणा जाणूनबुजून वाघ्या म्हणून गळ्यात मारला, तर त्यानं 'चीट' केलं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अशा फसवणुकीचं कलम होतं ४२०. म्हणून तर लबाड माणूस 'चारसोबीस'! १ जुलै २०२४ पासून त्या जागी नव्या कायद्याचं कलम ३१८ आलं. पण कुणाला 'तीनशे अठरा' म्हटलेलं मी तरी अजून ऐकलं नाही.

आणि हो, परीक्षेतल्या 'कॉपी'लाही इंग्रज 'चीटिंग'च म्हणतो. तिथं 'डिसीव्ह' म्हणून सुटका नाही!

आता आग्रा. ऑगस्ट १६६६. महाराज नजरकैदेत, भोवती फौलादखानाचे पहारे, जिवाला धोका. पेटाऱ्यांची युक्ती तुम्हाला ठाऊकच आहे. यात बादशहाच्या हक्काचं काय लाटलं? काहीच नाही. स्वतःचं स्वातंत्र्य तेवढं परत मिळवलं, तेही डोकं लढवून. अशी बुद्धीनं केलेली मात म्हणजे 'आउटविट'. पहारेकऱ्यांपुरतं बोलायचं तर 'ट्रिक्ड द गार्ड्स'ही चालेल. 'ट्रिक'मध्ये युक्ती असते, लबाडी असेलच असं नाही.

तेव्हा मैत्रिणी, बाईंचा लाल गोल बरोबरच होता. 'शिवाजी महाराज आउटविटेड औरंगजेब' असं लिही आणि वही पुन्हा बाईंपुढं ठेव. बघ, अर्धा गुण तरी परत मिळतो का!