पट्ट्यांचा मासा आणि दमलेला पोस्टमन



आधी एक गंमत करू या. उजव्या हाताचं बोट वर करा पाहू! केलंत? 'बोट वर कर' हा निरोप तुमच्या मेंदूतून निघाला, पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत आला आणि तिथून प्रेरक चेतापेशींनी तो स्नायूपर्यंत पोचवला. या पेशी म्हणजे आपल्या शरीरातले पोस्टमनच!

पण पोस्टमनच आजारी पडला तर? मेंदू हुशार, स्नायूही धडधाकट, पण निरोपच येत नाही. मग काम न मिळालेले स्नायू हळूहळू वाळतात. हाच मोटर न्यूरॉनचा आजार. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, हा आजार असल्याचं कळलं. शरीर थांबत गेलं, तरी २०१८ पर्यंत त्यांचा मेंदू विश्वाचा विचार करत होता.

या आजाराच्या दर १० रुग्णांपैकी साधारण एकाच्या घराण्यातच तो असतो. १९९३ साली त्याला कारण ठरणारं पहिलं जनुक सापडलं, एसओडी-१. जनुक म्हणजे प्रथिन तयार करण्याची पाककृती. तिच्यात एक अक्षर चुकलं, की पदार्थ बिघडला! आईकडे किंवा बाबांकडे अशी चुकीची प्रत असेल, तर ती मुलाकडे येणार की नाही, हे बहुधा नाणेफेकीसारखं असतं. छापा किंवा काटा.

आता अडचण अशी, की जिवंत माणसाच्या मेरुरज्जूत डोकावून बघणार कसं? इथं मदतीला धावला झेब्रा मासा. जेमतेम चार सेंटिमीटरचा, अंगावर निळे पट्टे. आणि हा पाहुणा परदेशी नाही बरं का! आपल्याच देशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत तो राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली. त्याचं पिल्लू आईच्या पोटाबाहेर, काचेसारख्या पारदर्शक अंड्यात वाढतं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून त्याचं धडधडणारं हृदयसुद्धा दिसतं! शिवाय माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार जनुक आहे.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी बिघडलेलं एसओडी-१ जनुक असलेले मासे तयार केले. हे काम २०१० साली प्रसिद्ध झालं. मोठे झाल्यावर हे मासे वाहत्या पाण्यात लवकर थकू लागले. शास्त्रज्ञांनी त्यांना आणखी एक जनुक दिलं होतं. पेशीवर ताण आला, की ते तिच्यात लाल रंगाचा दिवा लावतं!

पुढे इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात या माशांची पिल्लं तपासली, तेव्हा २०१३ साली नवलाची गोष्ट कळली. लाल दिवा आधी पोस्टमनमध्ये लागलाच नव्हता! पोस्टमनला 'जरा दमानं घे' म्हणणाऱ्या शेजारच्या चेतापेशींमध्ये तो आधी लागला होता. म्हणजे आजाराची सुरुवात लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी होते. रिलुझोल हे औषध दिल्यावर तो ताण कमी झाला.

हे वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "पण बाई, माशाला मुद्दाम आजारी पाडायचं? त्याचा काय गुन्हा?"

प्रश्न अगदी खरा आहे. म्हणूनच अशा प्रयोगांवर नियम असतात. ब्रिटनमध्ये तर परवान्याशिवाय ते करताच येत नाहीत. जमेल तितके कमी मासे वापरायचे आणि त्यांना कमीत कमी त्रास द्यायचा. तरीही त्यांचं ऋण उरतंच. ते विसरायचं नाही, एवढं आपण करू शकतो.

२०२३ साली अमेरिकेत टोफर्सन या औषधाला मान्यता मिळाली. ते एसओडी-१ची चुकीची पाककृती पेशीत वाचू देत नाही. ते माशांमुळे सापडलं असं नाही आणि त्यानं आजार पूर्ण बराही होत नाही. पण दार किलकिलं झालंय.

आणि जाता जाता, तुमच्यासाठी आणि आईबाबांसाठीही. एखाद्या घरात असा आजार असेल, तर तो शाप नाही, पाप नाही, कुणाची नजरही नाही. पाककृतीतलं एक चुकलेलं अक्षर, बस्स! तो शिवल्यानं होत नाही. तेव्हा तशा घरातल्या मित्राला खेळायला बोलवाल ना? त्याच्या आजारी काकांजवळ बसून दोन गोष्टी कराल ना? त्यांचा हात हलत नसेल, पण त्यांना सगळं ऐकू येतं, हे लक्षात ठेवा.

भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या बाई