वावडिंग : नाव एक, वनस्पती अनेक

कृमिचिकित्सेत विडंगाचे स्थान निर्विवाद आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात कृमिघ्न द्रव्यांमध्ये विडंगाला अग्रस्थान दिले आहे. त्रिमदात ते आहे, नवायस लोहात आहे, चंद्रप्रभा वटीत आहे. आणि तान्ह्या बाळाच्या दुधापाण्यात चार दाणे वावडिंग टाकून उकळण्याची रीत आपल्या घरांतून अजून टिकून आहे. इतक्या परिचयाच्या द्रव्याची ओळख वैद्यांना नव्याने काय करून द्यायची, असे कोणास वाटेल. तरीही विषय मांडणे भाग पडले, त्याचे कारण सांगतो.

काही महिन्यांपूर्वी विडंगारिष्टासाठी मागवलेले वावडिंगाचे पोते उघडले. दाणे नेहमीपेक्षा किंचित मोठे, तांबूस, आणि देठापासून टोकापर्यंत उभ्या रेघा असलेले. त्यांत मिसळलेले काही लहान दाणे नखाने फोडले, तर आत एक बी असण्याऐवजी बारीक बियांचा चुराच निघाला. व्यापाऱ्यास विचारले. “डॉक्टरसाहेब, वावडिंगच आहे हे, सगळीकडे हेच जातं,” असे उत्तर मिळाले. त्याच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. बिलावरही ‘वावडिंग’ हाच शब्द होता.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार विडंग म्हणजे एम्बेलिया राइब्स या वनस्पतीची सुकलेली पक्व फळे. हे दाट, पावसाळी रानात मोठ्या झाडांच्या आधाराने चढणारे झुडूप आहे. पाने दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, कडा अखंड. फुलांचा शाखायुक्त तुरा फांदीच्या टोकाला येतो. सह्याद्रीत ते विरळ झाले आहे. याचा भाऊबंद एम्बेलिया त्जेरियम-कोट्टम. त्याच्या पानांच्या पाठीवर लव असते, फुलांच्या साध्या मंजिऱ्या पानांच्या बगलेतून निघतात आणि फळांवर उभ्या रेघा उमटतात. हे झुडूप पानझडीच्या रानातही वाढते, म्हणून गोळा करणाऱ्याच्या हाती सहज लागते. महाराष्ट्रातील बाजारात ‘वावडिंग’ म्हणून येणारा माल बहुतांशी याचाच असतो. माझ्या पोत्यातील लहान दाणे अटकीचे, म्हणजे मीसा इंडिकाचे होते. तिच्या पानांच्या कडा दातेरी असतात आणि एकेका फळात अनेक बिया असतात. उत्तरेकडे मिर्सिन आफ्रिकाना या हिमालयीन झुडपाची फळेही याच नावाने विकली जातात.

झाडावर पाहिले तर या चौघांत गोंधळ होण्याचे कारण नाही. गोंधळ होतो तो पोत्यात, कारण तिथे पाने नसतात, फुले नसतात, फक्त काळेतांबडे गोल दाणे असतात. आपल्या पूर्वाचार्यांसमोरही हाच प्रश्न असला पाहिजे, असे मला विडंगाचा ‘चित्रतण्डुला’ हा पर्याय वाचताना नेहमी वाटते. खऱ्या विडंगाचे फळ दोन ते चार मिलिमीटर व्यासाचे, खरबरीत पृष्ठाचे, टोकाला चोचीसारखा उंचवटा असलेले असते. कवच ठिसूळ. ते फोडले की पातळ पडद्याआड एकच तांबूस बी दिसते आणि तिच्यावर पिवळसर ठिपके असतात. हाच तो चित्रित तंडुल. फार्माकोपियाने वर्णन करताना हाच शब्द जसाच्या तसा घेतला आहे.

वनस्पतिशास्त्राचे लॅटिन नाव परके, ते आपले काम नव्हे, असे म्हणणाऱ्या वैद्यमित्रांना एक आठवण द्यावीशी वाटते. ‘त्जेरियम-कोट्टम’ हे लॅटिन मुळीच नाही. ते मलबारातील नाव ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथातून शास्त्रात गेले. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापून घेतला. त्यासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यही होते. त्या तिघांची ग्वाही पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेली आहे. म्हणजे वर्गीकरणाच्या या शास्त्रात वैद्य पहिल्यापासून साक्षीदार आहेत; मधल्या काळात आपणच उठून गेलो.

रासायनिक तपासणीवर विसंबून राहणाऱ्या फार्मसीमालकांसाठी एक सूचना. चूर्णाच्या ईथर अर्काला पातळ अमोनिया लावल्यावर निळसर जांभळा साका बसतो, ही परीक्षा एम्बेलिनची आहे. एम्बेलिन दोन्ही एम्बेलियांत असते, मिर्सिनमध्येही असते. तेव्हा साका बसला म्हणजे विडंग शुद्ध, हा निष्कर्ष चुकीचा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, एम्बेलिन दोन्हींत आहे तर बिघडले कोठे? माझे उत्तर असे की, विडंगाचे गुण एका घटकात मोजण्याची पद्धत आपली नव्हे. शिवाय पिप्पली, विडंग व टंकण यांच्या योगाचा गर्भनिरोधक म्हणून केंद्रीय संशोधन परिषदेने अभ्यास केलेला आहे. ज्या द्रव्याचा विचार असा प्रजननाच्या संदर्भात होतो, तेच आपण नवविवाहितेला चूर्णातून आणि बाळाला दुधातून देतो. तेथे कोणती जाती, किती मात्रा, हे ठाऊक असायलाच हवे.

त्जेरियम-कोट्टम वापरूच नये, असे माझे म्हणणे नाही. एम्बेलिया राइब्सच्या बियांची उगवण अल्प होते, लागवड फारशी नाही, आणि फळांसाठी वेलीच तोडून खाली ओढण्याची रीत चालू राहिली तर उरलेसुरले झुडूपही जाईल. प्रतिनिधी द्रव्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भावप्रकाशात अमुक द्रव्याच्या अभावी अमुक घ्यावे असे स्पष्ट सांगितले आहे. पण तेथे प्रतिनिधीचे नाव घेतलेले असते. आपण ते घेत नाही, लेबलावर एम्बेलिया राइब्स छापतो आणि पिंपात दुसरेच भरतो. शेड्यूल टी २००० साली आले. कच्च्या मालाची तपासणी व नोंद तेव्हापासून बंधनकारक आहे. त्या नोंदवहीत नुसते ‘वावडिंग’ लिहून भागवणे ही पळवाट होय.

कोल्हापूरकरांना तरी सबब सांगता येणार नाही. राधानगरी-दाजीपूरचे रान आपल्या जिल्ह्यात आहे. शिवाजी विद्यापीठाने २००२ साली डॉ. यादव व डॉ. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्यापैकी किती जणांच्या दवाखान्यात तो आहे? विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे फळांसह फांदी नेऊन ओळख पटवून घेणे हा एका सकाळचा उद्योग आहे. खरेदीच्या मागणीपत्रावर वनस्पतीचे पूर्ण नाव लिहावे आणि प्रत्येक खेपेचा मूठभर नमुना तारखेसह बरणीत ठेवावा, एवढे तर कोणालाही जमेल.

माझे ते पोते मी परत केलेले नाही आणि वापरलेलेही नाही. त्यातील नमुना संघटनेच्या पुढील बैठकीस आणणार आहे. सभासदांनीही आपापल्या दुकानातील मूठभर वावडिंग, बिलाच्या प्रतीसह, सोबत आणावे. दाणे तेथेच फोडून पाहू.