गुपिताची किल्ली

'चुठेक चातोसज?' म्हणजे काय? 'कुठे जातोस?' शाब्बास! पण चची भाषा तर अख्ख्या वर्गाला येते. मग गुपित कसलं राहणार?

आता हे करून पाहा. देवगडहून वाशीला आंब्याच्या ४७२ पेट्या निघाल्या. हा आकडा गुपचूप कळवायचाय. चिठ्ठ्या टाकून तीन अंक काढा. समजा, ३८५ आले. ही झाली किल्ली. ती फक्त तुम्हा दोघांना ठाऊक. अंकाखाली अंक मांडून बेरीज करा, हातचा मात्र सोडून द्या. उत्तर आलं ७५७. पलीकडचा तशीच वजाबाकी करील, की ४७२ हजर! चोराला मात्र ००० ते ९९९ पर्यंतचा कुठलाही आकडा खरा असू शकेल.

आळस करून तिन्ही अंकांना एकच अंक मिळवला तर? चोरापुढे दहाच आकडे उरतील!

अमेरिकेच्या क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली हेच गणिताने सिद्ध केलं. गुपित कधीच फुटू नये असं वाटत असेल, तर किल्ली निरोपाएवढी लांब हवी आणि ती एकदाच वापरायला हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत हेरांच्या काही किल्ल्या दोनदा वापरल्या गेल्या आणि अमेरिकेने त्यांचे बरेच निरोप वाचले.

आई-बाबांच्या मोबाइलमधली किल्ली आखूडच असते. ती शोधायला संगणकाला अतोनात काळ लागतो, एवढाच तिचा भरवसा.

आता तुमची पाळी. किल्ली २६४, निरोप ९१७. सांगा पाहू, पेट्या किती?